तीस अंशांवरचं दही

सोमवारी सकाळी प्रियदर्शनीने प्रयोगशाळेतलं इन्क्युबेटर उघडलं आणि तिच्या नाकात दह्याचा वास शिरला. पेशींच्या बशांवरच्या कप्प्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ऐटीत बसला होता. त्यात बाहेरचा तापमानाचा आकडाही बदललेला. सदतीसच्या जागी तीस.

अमरावतीच्या या कॉलेजात दोन वर्षं ती एकाच गोष्टीमागे होती. नाकात वास पकडणारे रिसेप्टर असतात, ते तिला बशीत वाढवलेल्या पेशींत बनवायचे होते. बनायचे भरपूर. पण वास पकडायला ते पेशीच्या पृष्ठभागावर यावे लागतात, आणि हे शहाणे आतच ठाण मांडून बसायचे. मार्गदर्शक ललित सरांनी बजावलं होतं, "ही शेवटची खेप. सोमवारी वर दिसले नाहीत, तर विषय बदला."

"जानरावभाऊ, हा डबा कोनाचा?"

परिचर जानराव झाडू हातात तसाच धरून उभे राहिले. "माहाच. आज पोरीले पाहाले अकोल्याचे पाव्हणे येऊन राह्यले. गोळाभातासंग कढी पाह्यजे ना. या थंडीत घरी दही लागतच नाही. तुमची पेटी चांगली गरम."

"अन् आकडा काहून बदलला?"

"शनवारी सदतीसवर लावलं, त आंबट ढाण झालं. म्हून काल तीसवर केलं. पाहा, कसं घट्ट आलं."

प्रियदर्शनीला रडूच आलं असतं, पण तेवढ्यात सर दारात उभे राहिले. तिने मुकाट्याने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. रिसेप्टर दिसावेत म्हणून त्यांना चमकणारी हिरवी खूण जोडलेली असायची; एरवी पेशीच्या पोटात दिसणारा तो हिरवा उजेड आज कडेला आला होता. प्रत्येक पेशीभोवती बारीक हिरवी कड, म्हणजे रिसेप्टर पृष्ठभागावर आले होते.

सर बराच वेळ डोळा लावून होते. "तापमान?"

"तीस."

"हे सुचलं कसं तुम्हाला?"

जानराव डबा पाठीमागे लपवत होते. तिने खरं ते सांगून टाकलं. सरांनी पुन्हा एकदा बशीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "पुन्हा करून दाखवा. दह्याशिवाय."

तीस अंशांवर दह्याशिवायही तीनदा जमलं; कमी उबेत रिसेप्टर सावकाश, नीट घडून वर येत होते. प्रबंध लिहून झाला तेव्हा आभाराच्या पानावर तिने पहिलं नाव जानरावांचं घातलं आणि त्यांना वाचून दाखवलं. "तुमी नसते त माहे दोन वर्षं पाण्यात गेले असते, भाऊ," ती म्हणाली.

जानरावांनी कागदाकडे पाहिलं. "माहं नाव खाली घ्या, म्याडम. वर पार्वताबाई लिहा. आमची घरवाली. तिनं शनवारचं दही चाखलं अन् म्हने, ऊब जास्त झाली, कमी करा. म्या फक्त सात काढले."

"अन् पाव्हण्याइचं काय झालं?"

"जमलं ना. कढी दोनदा मांगतली त्यायनं."

प्रियदर्शनीने पान पुन्हा टाइप केलं. प्रयोगशाळा कधीही न पाहिलेल्या पार्वताबाईंचं नाव आता सरांच्याही वर आहे, आणि सरांनी त्यावर निमूट सही केली.