वळसंगच्या विहिरीतले सात गप्पी

बिराजदार सर विहीर दिसली की आत वाकून बघितल्याशिवाय पुढे जात नसत. आमच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवायचे, मी भूगोल. शुक्रवार पेठेत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी, त्यामुळे रविवारी त्यांच्याबरोबर एसटीने खेडोपाडीच्या विहिरी बघत हिंडणं माझ्या नशिबी आलं. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून त्यांनी तिथे गप्पी मासे सोडले होते. कुठल्या विहिरीतल्या नरांची शेपटी नारिंगी, कुणाच्या अंगावर काळा ठिपका, सगळं त्यांच्या वहीत असे. "हे कुणी ठरवलं न्हाई, बरं का," असं ते दर दोन वाक्यांनी म्हणत. गृहपाठ का केला नाही, असं विचारलं की वर्गातली पोरंही त्यांना हेच उत्तर देत.

बहात्तरच्या दुष्काळात वळसंगची विहीर आटली. तळाशी परातभर चिखलपाणी आणि त्यात तडफडणारे मासे. विहिरीच्या मालकीणबाई गौराबाई. त्यांनी घरातलं पिण्याचं तांब्याभर पाणी माशांसाठी दिलं. त्यात मावतील तेवढेच वाचणार होते. सर तळाशी उतरले आणि चक्क डोळे मिटून ओंजळ भरू लागले.

"मास्तर, बघून धरा की. धडधाकट तेवढं घ्या," गौराबाई म्हणाल्या.

बघून धरले तर ती माझी निवड होईल, असं सर म्हणाले. सात मासे हाती लागले. त्यात नर दोनच; या विहिरीतल्या निम्म्या नरांवर काळा ठिपका असायचा, पण हे दोघेही बिनठिपक्याचे.

पाऊस झाल्यावर सरांनी ते सात परत सोडले. दोन वर्षांनी आम्ही गेलो तर विहीर माशांनी नुसती वळवळत होती. शेकडो नर, पण काळा ठिपका एकावरही नाही. ओंजळ वीतभर पलीकडे पडली असती तर ही विहीर वेगळीच झाली असती.

"ठिपकेवालं काय कमी दमाचं होतं?" गौराबाईंनी विचारलं.

"न्हाई," सर म्हणाले. मग त्यांनी वही मिटली. "आमी पाच भावंडं. गावात साथ आली, चौघं आठवड्यात गेली. मी तेवढा बार्शीला होतो. साथीच्या आधी मामा कुणाबी एकाला न्यायला आला, अंगणात मी दिसलो म्हणून मला नेलं. थोरली अक्का लई गोड गायची. आमच्या घरात आता गाणारं कुणी न्हाई."

दहा वर्षांच्या शेजारात मला हे माहीत नव्हतं.

"अक्काचं नाव काय?" गौराबाईंनी विचारलं.

सरांनी सांगितलं. आणि मग, कुणी न विचारता, बाकीच्या तिघांचीही.