एका माळेची फिल्म

कुंभकोणमच्या सेतुरामन फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीत घड्याळ चालायचं नाही. काळ्याकुट्ट अंधारात ते बघणार कोण? चाळीस वर्षं त्याची बायको कोकिला दाराबाहेर पाटावर बसून रामनामाची एक माळ ओढायची आणि मेरुमणी आला की टकटक करायची. तेवढ्यात आत औषधात बुडवलेली फिल्म बरोब्बर व्हायची. कच्ची नाही, करपलेली नाही.

कोकिला जाऊन बारा दिवस झाले. उद्या तेरावं, आणि हार घालायला तिचा एकही फोटो नाही. गावभर फोटो काढत हिंडणाऱ्यानं बायकोचा काढला तो एकदाच, तोही रोलमध्ये शेवटचा उरला म्हणून, चुलीच्या उजेडात. बाकी अकरा सोसायटीच्या चेअरमनच्या सत्काराचे. तो रोल अजून धुवायचाच राहिला होता.

"अक्का, आज माळ तुम्ही ओढा," थोरल्या मेव्हणीला, अलमेलूला, सांगून त्यानं दार लावलं.

अलमेलूचा नेम कडक. जपात बोललं की माळ पहिल्यापासून.

चाळीस मणी झाले तोच शेजारची पंकजम समाचाराला आली. "शेवटी काही बोलली का गं?"

"पाणी मागितलं फक्त," अलमेलूनं पदर डोळ्यांना लावला. माळ पहिल्यापासून.

सत्तराव्या मण्याला फुलवाली. "अम्मा, उद्यापासून मोगरा टाकू की नको?"

याला उत्तर द्यायलाच हवं होतं. "नको गं बाई." माळ पहिल्यापासून.

"अक्का, झाली का?" आतून हाक आली.

"कुठली होतेय! झाली की वाजवते ना!" आणि तिनं जीभ चावली. पुन्हा पहिल्यापासून.

आत सेतुरामनला वाटलं, आज आपलाच जीव उतावीळ झालाय.

अखेर टकटक झाली. फिल्म धुऊन तो बाहेर आला. अकराच्या अकरा चेअरमन कोळसा झाले होते.

"माझ्या जिभेनं घात केला हो भाऊजी," अलमेलू रडायला लागली. "कोकिलाही करपली असेल."

त्यानं शेवटचा फोटो खिडकीशी धरला.

"नाही अक्का. अंधारातल्या फोटोला दुप्पट वेळ लागतो. एका माळेत ही आलीच नसती."

नाकातली चमकी आली होती, हातातली पळीसुद्धा. त्यानं फिल्म आणखी जवळ घेतली, आणि जन्माच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "डोळे मिटलेस गं. हलू नकोस, अजून एक घेतो."