आलोच

‘आलोच’ असं सांगून माणूस पोचला नाही, तर गाडीची सरकती खोली आत येत नाही. यात नवीन काही नाही. पण गिऱ्हाईक दर वेळी नवीन असतं, त्यामुळं मला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

मी आनंदा लोहार. कोल्हापूरला, शिरोलीच्या अंगाला माझं गॅरेज आहे आणि घरासारख्या गाड्यांच्या सरकत्या खोल्या दुरुस्त करणं हे माझं काम. या गाड्यांना एका बाजूला खोली असते. मुक्कामाला गाडी उभी केली की बटण दाबायचं, खोली रुळांवरून तीन फूट बाहेर जाते आणि पलंग टाकण्याइतकी जागा होते. निघताना ती आत घ्यायची, चारी कोपऱ्यांना खिट्ट्या मारायच्या, मगच गाडी रस्त्याला काढायची. निम्म्या तक्रारी बॅटरी उतरल्याच्या असतात. उरलेल्यांत रुळात अडकलेला खडा, चिकटलेलं रबर, नाहीतर उडालेला फ्यूज. हे सगळं ठीक आहे, मोटर फिरते, दाते फिरतात आणि खोली मात्र ढिम्म, असं असेल तर कुणाचा तरी शब्द अडकलेला असतो.

आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘जातो’ म्हणणं वाईट, म्हणून ‘येतो’ म्हणायचं आणि जायचं. पिढ्यान् पिढ्या याचा कुणाला त्रास नव्हता. गाड्यांना खोल्या आल्या तेव्हापासून झाला. कुणी ‘आलोच’ म्हणून पान खायला जातो आणि तिकडंच मित्राच्या गाडीत बसतो, इकडं घरचे बटण दाबून दाबून घामाघूम. अशा वेळी त्या माणसाला फोन करून बोलवायचं, बस्स. ढकलाढकली करायची नाही. कागलच्या एका कुटुंबानं ट्रॅक्टर लावून खोली आत ढकलली. ‘येते’ म्हणून बाहेर पडलेल्या त्यांच्या मावशी तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी उभ्या आहेत. घर समोर दिसतं, पाऊल पुढं पडत नाही. दोन्ही वेळचं जेवण तिथं नेऊन देतात.

वृंदाताई महाडेश्वरांचा फोन आला तो एका सोमवारी. त्या बेळगावला शाळेत शिकवतात. वडलांची गाडी गगनबावड्याच्या अलीकडं एका सपाटीवर चार महिने उभी आहे, खोली आत येत नाही आणि खोली टाकून वडील यायला तयार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आई तिथूनच दवाखान्यात नेताना वाटेत वारली, हेही सांगितलं, पण रजेच्या अर्जात लिहावं तशा आवाजात. मी त्यांना बॅटरी तपासायला सांगितली. फोनवर मला दुसरं काय सुचणार होतं?

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी पोचलो. ताईंचे वडील, श्रीधरकाका, खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मोजणी खात्यातून रिटायर झालेला माणूस. सदरा अंगावर नुसता लोंबत होता. माझ्या आधीच येऊन पोचलेल्या ताई म्हणाल्या, चार महिन्यांत अकरा किलो उतरलेत. काका म्हणाले, वजनकाटा खराब आहे. मग मला म्हणाले की खोलीचं काही बिघडलेलं नाही, उगाच एवढ्या लांब आलात, चहा घ्या आणि आरामात परत जा.

मी चहा घेतला आणि कामाला लागलो. बॅटरी उत्तम होती. फ्यूज शाबूत, रबर मऊ, रूळ घासून पुसून लख्ख. काका रोज पुसत होते. बटण दाबलं, मोटर फिरली, खोलीतल्या फळीवरचं पाण्याचं भांडं हललंसुद्धा नाही. हातानं फिरवायचा दांडा लावून पाहिला. दांडा फिरला, खोली जागची हलली नाही. मग मी खाली वाकून रुळाचं टोक बघितलं.

रुळावर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. प्रत्येक रेघेशेजारी तारीख. खोली थांबायला हवी तिथं थांबलेली नव्हती. चार-पाच दिवसाला बोटभर, अशी ती अजून बाहेरच सरकत होती. रूळ संपायला दोन बोटं उरली होती. रुळापुढं हातभर जमीन होती, आणि जमिनीपुढं दरी.

मी विचारलं, “काका, हे तुम्हाला माहीत होतं?”

“मोजणी माझीच आहे,” काका म्हणाले.

“आणि रात्री झोपता कुठं?”

“इथंच. पलंग इथंच आहे ना.”

ताईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या खाली वाकून एकेक तारीख वाचत गेल्या. उठल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. जेसीबी बोलवा म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता ढकला ही खोली आत. मी त्यांना कागलच्या मावशींची हकीकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि पुन्हा जेसीबीचं नाव काढलं नाही.

अशा कामाला वाहन खात्याचा एक फॉर्म असतो. तो मी बॉनेटवर ठेवून भरायला घेतला. गाडीचा नंबर, उभी असल्याचं ठिकाण, इथपर्यंत सरळ होतं. पुढचा रकाना होता, अडकलेला शब्द कुणाचा. ताई म्हणाल्या, आईचाच असणार. जाताना ‘येते’ म्हणाली असेल.

मी म्हटलं, तसं असू शकत नाही. वारलेल्या माणसाचा शब्द तेराव्याला आपोआप सुटतो, त्यासाठी मिस्त्री लागत नाही. इथं चार महिने झाले. म्हणजे हा शब्द जिवंत माणसाचा आहे.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

“माझा आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, आणि खरंच मोजणीचा अहवाल वाचावा तसं सांगितलं. सकाळी आठ वाजता कुमुदकाकूंच्या छातीत दुखायला लागलं. पावणेनऊला अँब्युलन्स आली. ड्रायव्हर म्हणाला, काका, बसा, जागा आहे. पण काकूंची औषधं, जुने रिपोर्ट, सगळं गाडीत पसरलेलं. गाडी उघडी टाकून कसं जायचं? पाच मिनिटांचं काम, खोली आत घेऊ, खिट्ट्या मारू, रिपोर्ट गोळा करू आणि गाडी घेऊन पाठोपाठ निघू. म्हणून ते काकूंना म्हणाले, “तू हो पुढे. मी आलोच.”

अँब्युलन्स गेली. काकांनी बटण दाबलं. खोली आत आली नाही.

आता याचा दोष कुणाला द्यायचा? ‘आलोच’ म्हटलं म्हणून खोली अडली, आणि खोली अडली म्हणून जाता आलं नाही. दीड तास ते बटण, दांडा, मोटर करत राहिले. सव्वादहाला फोन आला की वाटेत कळे गावाच्या पुढं काकू गेल्या. काका दुधाच्या टेंपोत बसून कोल्हापूरला पोचले. दिवसकार्य उरकल्यावर ते परत इथं आले, कारण खोली अजून बाहेर होती. आणि मग ती आणखी बाहेर जायला लागली. त्याचाही हिशेब त्यांच्याकडं तयार होता: मी तिच्याकडं येतो म्हणालोय, खोली मला तिकडंच नेतेय, यात बिघाड कुठला?

तीस वर्षं या धंद्यात आहे, पण असा हिशेब पहिल्यांदाच ऐकला. तरी काम ते काम. मी नियम सांगितला. शब्द फक्त तोच माणूस सोडवू शकतो ज्याला तो दिला. तो हयात नसेल तर त्याचा वारस. वारस तर काकाही लागतात, पण स्वतःचा शब्द स्वतःला सोडवता येत नाही. तसं चाललं असतं तर आजवर एकही खोली अडली नसती. राहिल्या ताई. वारसनोंदीची झेरॉक्स त्यांच्या पर्समध्येच होती, पेन्शनच्या कामासाठी केलेली. ती मी फॉर्मला टाचली.

“मला नाही सोडवून घ्यायचं,” काका म्हणाले. “मी तिला सांगितलंय.”

“आणि मला?” ताई म्हणाल्या. “मला काय सांगितलंय तुम्ही?”

काकांनी जरा विचार केला. “तुला काही सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. ताईंनी मान फिरवली.

मी सांगितलं की फॉर्मवर शब्द देणाऱ्याची सही लागत नाही, ऐकणाऱ्याची लागते. काका सरकारी नोकरीतले, नियम म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. पद्धत अशी असते: शब्द देणाऱ्यानं तेव्हा जिथं होता तिथं उभं राहायचं, वारसानं ऐकणारा होता तिथं. काका खोलीच्या दारात उभे राहिले. अँब्युलन्सच्या चाकोऱ्या अजून गवतात दिसत होत्या, तिथं ताई जाऊन उभ्या राहिल्या. मी बटणावर बोट ठेवलं.

ताई म्हणाल्या, “बाबा, तुम्ही कुठंही जायचं नाही.”

मोटर फिरली. खोली हलली नाही. मी म्हटलं, ताई, हे तुमचं झालं. तुम्ही आत्ता आईच्या जागी आहात, आई म्हणाली असती ते म्हणायला पाहिजे. ‘बाबा’ चालणार नाही, ‘अहो’ म्हणा. त्या ओशाळल्या. बापाला ‘अहो’ म्हणायचं म्हणजे कुणालाही जड जाईल. पण म्हणाल्या.

“अहो, तुम्ही येऊ नका.”

खोली हलली, पण बाहेरच्या बाजूला. पुरं एक बोट. मी बटण सोडलं आणि पळत जाऊन रुळाचं टोक बघितलं. एकच बोट उरलं होतं.

“ती असं म्हणाली नसती, वृंदा,” काका दारातून हळू आवाजात म्हणाले.

ताई मटकन गवतातच बसल्या आणि रडायला लागल्या. मला कळेना, थांबवावं की रडू द्यावं. मी पाना पुसत उभा राहिलो. रडता रडता त्या म्हणाल्या की आई काय म्हणाली असती ते मला कसं कळणार, मी तर तेव्हा सातवीच्या वर्गात भूमिती शिकवत होते. आईचे दिवस झाल्यावर सगळे मला भेटायला बेळगावला आले, बाबा सोडून. बाबा इथं येऊन बसले. आता तेही चाललेत आणि निरोपाची परवानगी मात्र माझ्याकडून हवी. काका दारातून सगळं ऐकत होते. जागा सोडायची नाही म्हणून त्यांना खाली उतरता येत नव्हतं. हात तेवढा पुढं केला होता, पण अंतर बरंच होतं.

थोड्या वेळानं ताईंनी नाक पुसलं आणि आपल्याशीच बोलल्यासारखं बोलायला लागल्या. लहानपणी मे महिन्यात ते कुडाळहून आजोळी जायचे. एसटी लागली की आई पदर खोचून सगळ्यांच्या आधी आत घुसायची, एका बाकावर रुमाल टाकायची, दुसऱ्यावर पिशवी, आणि मांडीवर वृंदाला घ्यायची. बाबा खाली. त्यांना ऐन वेळी नळावर पाणी भरायचं असायचं, पेपर घ्यायचा असायचा. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालायचा, बाबा धावायला लागायचे, चप्पल निसटायची. आई कधी रागावली नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती दर वेळी एकच वाक्य म्हणायची.

ताई उठल्या. कपडे झटकले, चाकोरीत नीट उभ्या राहिल्या. मी बटणापाशी गेलो. खोली बाहेरच्या बाजूला गेली असती तर धरायला मी एकटा पुरलो नसतो.

“अहो,” ताई म्हणाल्या, “जागा धरलीय मी. सावकाश या.”

मी बटण दाबलं. मोटर फिरली आणि खोली आत यायला लागली. अगदी शांतपणे आली, रूळ तर पुसलेलेच होते. पेन्सिलीच्या रेघा एकेक करून झाकत आली. काका दारात उभे होते ते खोलीबरोबरच आत आले. रबर बसल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्यानं रडले. चार महिन्यांत पहिल्यांदाच, असं ताईंनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्या आत धावल्या आणि मी बाहेर खिट्ट्या मारायला लागलो. चार कोपरे, चार खिट्ट्या, वर आडवा दांडा. प्रत्येक खिट्टी दोनदा हलवून बघितली.

फॉर्म पुरा करायचा राहिला होता. अडथळ्याचं कारण: शब्द. मी ‘शब्द रद्द’ असं लिहायला घेतलं, तर काकांनी खिडकीतून हरकत घेतली. ती ‘या’ म्हणालीय, ‘येऊ नका’ म्हणालेली नाही. बरोबर होतं. ही मुदतवाढ झाली. मुदतवाढ म्हटलं की पुढचा रकाना भरावा लागतो, कोणत्या तारखेपर्यंत.

ताईंनी विचारलं, जास्तीत जास्त किती देता येते? मी म्हटलं, फॉर्मवर तसं काही लिहिलेलं नाही. त्यांनी बापाकडं बघितलं. काकांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, फॉर्म मांडीवर सरळ केला आणि मोजणी खात्यातल्या नेटक्या अक्षरात तारखेच्या जागी लिहिलं, ‘सावकाश’.

तो फॉर्म मी त्याच आठवड्यात खात्यात दिला. मंजूर झाला.