किसनमामांचा गुडघा आणि भावी डॉक्टर

किसनमामांना ‘काय होतंय?’ असं विचारू नये. आमच्या घराण्यात पोरांना ही गोष्ट चालायला यायच्या आधी शिकवतात. विचारणारा डॉक्टर असला तरी त्याची सुटका नाही. उलट त्याचीच नाही.

गेल्या वर्षी मामा गुडघा धरून बसले, म्हणून मी त्यांना अंबाजोगाईला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, “बोला बाबा, काय होतंय?”

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पहिल्यापासून सांगतो. त्याचं असं झालं सायेब, त्या साली कांद्याला भाव न्हवता...”

कांदा ट्रॅक्टरमध्ये भरून होईपर्यंत डॉक्टरांच्या गोळ्या लिहून झाल्या होत्या, ‘जिना चढू नका’ सांगून झालं होतं आणि पुढचा पेशंट मामांच्या पाठीमागे येऊन उभा होता. मामा तोंड पाडून बाहेर आले. “गुडघ्यापस्तोर पोचूच दिलं न्हाई रे सुऱ्या.”

गोळ्या त्यांनी घेतल्या नाहीत. ज्यानं ऐकलंच नाही त्याच्या गोळीला गुण कसा येणार, असा त्यांचा सवाल. जिनाही सोडला नाही. नांदूरघाटजवळच्या वस्तीवर त्यांचं घर. मुलगा सुनील पुण्याला कंपनीत, मामी गेल्यापासून तिथं मामा एकटेच. दिवस मावळायला लागला की गुडघ्यावर हात टेकत, पायरीपायरीला ‘आई गं’ म्हणत गच्चीवर जाणार म्हणजे जाणार. आम्ही म्हणायचो, म्हातारा हट्टी आहे.

मामांचं एकच स्वप्न होतं, घराण्यात एक तरी ऐकून घेणारा डॉक्टर निघावा. त्यासाठी त्यांनी स्वतःची प्रवेश परीक्षा काढली होती. तिच्यात फिजिक्स नाही, केमिस्ट्री नाही. दहावी झालेल्या पोराला समोर बसवायचं आणि चालू असलेलं दुखणं पहिल्यापासून सांगायचं. जो शेवटपर्यंत बसेल तो डॉक्टर. माझ्या वेळी अभ्यासक्रमाला पोटदुखी होती. कळ उजवीकडून डावीकडे सरकायच्या आत मी घोरायला लागलो.

“याला डॉक्टर करू नका,” मामांनी आईला निकाल सांगितला, “पेशंट मरंल आन ह्याला उठवावं लागंल.”

पुढे मी बीडला एका पतसंस्थेत चिकटलो. तिथं झोपेची अडचण येत नाही. माझ्यामागून घराण्यातली झाडून सगळी पोरं नापास झाली. एक जण ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून उठला, तो थेट केजच्या एसटीत बसला.

यंदा माझी मुलगी प्रांजल दहावी झाली. मार्क चांगले पडले, आणि चांगले मार्क पडले की आमच्याकडे लेकराला डॉक्टर व्हायचंय की नाही हे लेकरू सोडून सगळे ठरवतात. अकरावीला बायॉलॉजी घ्यायची का गणित, हे सोमवारी कॉलेजात सांगायचं होतं. बायको म्हणे बायॉलॉजी घे. क्लासवाले म्हणत घेच. प्रांजल म्हणे, “मला विचार तर करू द्या!” विचार करायला वेळ मागणारी मुलगी आमच्या गल्लीत पहिलीच. तिला बरं नाही की काय, म्हणून शेजारी येऊन बघून गेले.

त्यात मी घोळ घातला. संध्याकाळी मामांचा फोन आला आणि मी सहज बोलून गेलो, “डॉक्टरकीचं बघतोय.” झालं. दोनच दिवसांत नांदूरघाटच्या स्टँडवर फ्लेक्स लागला.

आमच्या भागात भावी आमदार आणि भावी सरपंच इतके आहेत की असलेल्यांना खांब मिळत नाही. त्या गर्दीत आता आमची प्रांजल: ‘भावी डॉक्टर कु. प्रांजल यांचे हार्दिक अभिनंदन!’ शाळेच्या ओळखपत्रावरचा दोन वेण्यांचा फोटो, गळ्यात फ्लेक्सवाल्यानं परस्पर अडकवलेला स्टेथोस्कोप. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेले मामा, आणि मी. माझा फोटो लग्नातला होता, मुंडावळ्यांसकट.

फोन सुरू झाले. शाळेतला एक दोस्त म्हणाला, “काय बे, पोरगी डॉक्टर केली आन पेढे न्हाईत?” लांबच्या एका काकूंनी तर पित्तावर काय घेऊ, असं थेट प्रांजललाच विचारलं.

प्रांजल तडकली. “पप्पा, मला कुणी विचारलं का? तुम्ही? आजोबांनी? फ्लेक्सवाल्यानं तरी?”

शनिवारी ती फ्लेक्स उतरवायला निघाली आणि मला ड्रायव्हर म्हणून सोबत नेलं.

मामा ओट्यावर बसले होते. “कावून गं आलीस उन्हाची, डॉक्टरीणबाई?” म्हणत उठायला गेले आणि कळवळून खाली बसले. भांडायच्या तयारीनं आलेली प्रांजल घराण्याची शिकवण विसरली.

“काय होतंय आजोबा?”

मी डोळे मिटले. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

कांदा निघाला. भाव पडला. ट्रॅक्टर पंक्चर झाला. केजला जुना दोस्त भेटला, त्याच्या पोरीच्या सोयरिकीचं निघालं. मी परंपरेप्रमाणे पेंगलो. जाग आली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. प्रांजल मांडीवर कोपर टेकून तशीच बसली होती, आणि मामा गुडघ्यापर्यंत पोचले होते. माझ्या माहितीत इथवर कुणीच आलं नव्हतं.

“...म्हणून डॉक्टर म्हणतेत, जिना चढू नका.”

“मग चढता कशाला?”

हे मामांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी उगीच टोपी झटकली.

“घरात रेंज न्हाई ना बाळा. सुनील फोन करतो पुण्याहून, सांच्याला, कंपनी सुटल्यावर. गच्चीवरच लागतो.”

“रोज करतो?”

“रोज... कामं असतेत त्याला. पर केला, आन मी खालीच असलो तर?”

मामा गुडघा चोळायला लागले. मग प्रांजल हळूच म्हणाली, “आजोबा, मला नाही व्हायचं डॉक्टर.”

“कावून गं? पास झालीस की! शेवटपस्तोर बसलीस.”

“बसले, पण गुडघ्याचं काय करायचं ते एकदाही मनात आलं नाही. पुढं काय झालं, एवढंच ऐकायचं होतं.”

मी मामांकडे बघितलं. आयुष्यभराचं स्वप्न, वर फ्लेक्सचा खर्च. मामांनी टोपी डोक्यावर चढवली.

“मंग तर लई बेस झालं,” ते म्हणाले. “डॉक्टर झाली असतीस तर ऐकायला टाइम कुठून काढला असतास?”

सोमवारी प्रांजलनं गणित घेतलं. फ्लेक्स अजून आहे. मामांनी ‘डॉक्टर’वर पांढरा कागद चिकटवलाय आणि ‘भावी’ तसंच ठेवलंय. स्टँडवर कुणी विचारलं, भावी काय, तर म्हणतात, “तिला इचारा. मला काय इचारता?”

हल्ली दिवस मावळायला लागला की प्रांजल खिडकीत बसून मामांना फोन लावते. पहिली रिंग पुरी वाजत नाही, तोच पलीकडून धापा टाकत आवाज येतो, “पहिल्यापासून सांगू?”