फिरत्या तळावरची रांग

कोब्रेच्या मेरीमाउलीची शपथ, माझ्या उरल्यासुरल्या दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझी सकाळची कॉफी जन्मभर पाणचट होवो. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. फक्त मिग्दालियाला विचारू नका, ती सगळं कमी करून सांगते.

झालं काय, की त्या रविवारी दुपारी मिग्दालियाने धुतलेली चादर गच्चीवर अँटेनाच्या तारेवर वाळत घातली. बस, एवढंच.

आता क्युबाच्या राजधानीत, आमच्या सेंत्रो हबाना वस्तीत, गच्चीवर कुणी काय वाळत घालावं यावर आजवर युद्ध पेटलं नव्हतं. पण गल्लीतल्या तरुण मंडळींनी गच्च्यागच्च्यांवरून तारा ओढून घरोघरचे कॉम्प्युटर जोडून टाकले होते, आणि या वस्तीपासून त्या वस्तीपर्यंत सगळे मिळून एक खेळ खेळायचे. सूर्य, ग्रह, जहाजं, तोफा, असा. सगळ्यात उंच अँटेना मिग्दालियाच्या गच्चीवर, कारण तिचा नातू योआंद्री आमच्या गल्लीचा कप्तान. आठवडाभर लोकांचे केस कापायचा आणि रविवारी ग्रह जिंकायचा. त्या दिवशी शेवटचा सामना होता, खाडीपलीकडच्या रेग्लावाल्यांशी. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मधला मोठा सूर्य ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. आणि जिंकेल त्याच्या गच्चीवर वर्षभर अँटेना.

मिग्दालियाला सूर्याचं काही नव्हतं. तिला अँटेनाचं होतं. मागच्या वादळापासून तिचा फोन मेलेला. रोज तीन वाजता त्या अँटेनावरून ती रेग्लातल्या धाकट्या बहिणीशी, नेरेइदाशी, बोलायची. बोलायची म्हणजे भांडायची. आईचं जाड बुडाचं पातेलं कुणाच्या वाट्याला यायला हवं होतं, यावर. मध्ये ते उंच हॉटेल उभं असल्यामुळे दुसऱ्या कुठल्या छोट्या अँटेनाने रेग्ला गाठता येत नव्हतं, आणि होडीची पायरी नुसती बघूनच मिग्दालियाचे गुडघे रडायला लागायचे.

"हरलास तर याद राख," तिने सकाळीच नातवाला बजावलं होतं. "वर्षभर मी भांडू कुणाशी? तुझ्याशी भांडण्यात काही राम नाही, तू लगेच रडतोस."

"आजी, मी हरत नसतो," योआंद्री म्हणाला.

तर ती चादर. वारा आला, ओली चादर अँटेनाला मिठी मारून बसली आणि ऐन सामन्यात पडद्यावरची जहाजं जागच्या जागी थिजली.

"कुणी घातली ती चादर?" योआंद्री ओरडला.

"वारा फार सुटलाय बाई," मिग्दालिया माझ्याकडे बघून म्हणाली. मी तेव्हा कॉफी प्यायला गेलेली, मी कुठे बोलणार!

योआंद्री धडाधड जिना चढून वर गेला. चादर ओढली. जहाजं हलायला लागली. तोच दुसरी झुळूक आली आणि गच्चीचं लोखंडी दार धाडकन लागलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्याची कडी गंजून गेलेली. ती जी आतून अडकली, ती अडकली. खालच्या मजल्यावरचा गुमर्सिंदो हातोडी घेऊन धावला आणि कडीवर घाव घालत सुटला. पहिल्या तीन घावांत कडी वाकली आणि आणखी घट्ट बसली.

"आजी!" स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या, उजेडासाठी सोडलेल्या बोळातून योआंद्रीचा आवाज खाली आला. "खुर्चीत बस! कशाला हात लावू नकोस!"

मिग्दालिया खुर्चीत बसली. हात मांडीवर ठेवले. पडद्यावर काळंनिळं आकाश, आणि त्यात तिच्या नातवाचे ग्रह. बघतच राहिलो हो आम्ही! मी जन्मात इतका काळोख इतका सुंदर पाहिला नव्हता. प्रत्येक ग्रहाभोवती एकेक फिरता तळ, म्हणजे लोखंडाचा मोठा बेटासारखा प्रकार, आणि त्यावर तोफा.

"हे सगळे काय खातात?" मिग्दालियाने विचारलं.

"कोण?" वरून आवाज.

"हे तळ!"

"लोखंड खातात! पण तू..."

"लोखंड कोपऱ्यात दाखवतायत ते? ते तर संपत आलंय, बाळा!"

योआंद्रीचं हेच तर चुकलं होतं. दिसला ग्रह की बांध तळ, बांधला तळ की लाव तोफ. सगळे तळ अर्धपोटी, एकाचीही भिंत धड नाही. घराच्या प्रत्येक खिडकीशी पहारेकरी उभा करावा आणि कुणालाच जेवायला घालू नये, तसं.

"रेग्लावाले येणार कुठून?" मिग्दालियाने विचारलं.

"त्या दोन दगडांच्या पट्ट्यांमधून! तेवढी एकच वाट आहे! पण आजी, हात लावू..."

"एकच दार आहे आणि हा खिडक्या राखतोय," मिग्दालिया मला म्हणाली. आणि तिने माउस उचलला. म्हणजे खरोखर उचलला, हवेत. मग मी तिला दाखवलं की तो टेबलावर सरकवायचा असतो.

एकेक तळ ती मोडत गेली. मोडला की त्याचं लोखंड परत मिळायचं. टण्, टण्, टण्. वरून गुमर्सिंदोची हातोडी, खाली हिचे तळ. हेडफोनमधून योआंद्रीचा जोडीदार लिस्वानी किंचाळला, "कप्तान, काय करतोयस? आपले तळ पाडतोयस?"

"कप्तान गच्चीवर आहे राजा," मिग्दालिया म्हणाली. "मी त्याची आजी. तू जेवलास का?"

सगळं लोखंड जमवून त्या अरुंद वाटेच्या तोंडाशी, मोठ्या सूर्याजवळच्या निळ्या ग्रहाभोवती, तिने एकच तळ बांधला. पण असा बांधला! गोदामं बांधली, मोठमोठी. जहाजं दुरुस्त करायची गोदी बांधली. खलाशांसाठी खानावळसुद्धा, कारण यादीत खानावळ होती आणि तिला ती सोडवेना. तोफा लावायची वेळ आली तेव्हा लोखंड संपलं.

"तोफा किती लावल्यास?" वरून विचारणा झाली.

"कपाटं छान झालीत," मिग्दालियाने उत्तर दिलं.

इतक्यात पडद्यावर प्रश्न आला: गोदी कुणासाठी खुली? फक्त आपल्यासाठी, की सर्वांसाठी? आता तुम्हीच सांगा, चांगल्या घरची बाई काय दाबेल? दार उघडून ठेवायचं आणि पाहुण्याला बाहेर थांबवायचं? तिने दाबलं, सर्वांसाठी.

लिस्वानीने हंबरडा फोडला. "आजी, शत्रू येऊन दुरुस्त होऊन जाईल!"

"मग येऊ दे की. तुटक्या जहाजाने कुणी लढतं का?"

आणि आले. दगडांच्या पट्ट्यांतून वाट काढताना रेग्लावाल्यांच्या जहाजांचे पार पत्रे उडाले होते. पहिलं आलं ते लंगडत, धूर सोडत. त्याच्या कप्तानाला समोर दिसली चकचकीत गोदी, दिवे लावलेली, सर्वांसाठी खुली. तो थबकला. त्याच्या मागून दुसरा आला. खेळात सगळ्यांना एकमेकांचे आवाज ऐकू यायचे, म्हणून पुढचं मी या कानांनी ऐकलंय.

"शेवटचा कोण?" दुसऱ्याने विचारलं.

"मी," पहिला म्हणाला.

"मग मी तुझ्यामागे."

झालं! हबानात जन्मलेल्या माणसाच्या तोंडून "शेवटचा कोण" बाहेर पडलं, की रांग लागली, संपलं. मग समोर पाव असो, चिकन असो की परग्रह असो. तिसरा आला, त्याने विचारलं. चौथ्याने विचारलं. एकाने पुढे घुसायचा प्रयत्न केला, तर त्याच्याच बाजूचे लोक त्याच्यावर तुटून पडले. "ए शहाण्या, आम्ही काय इथे चांदण्या मोजतोय?" एक म्हणाला, "मी मघाशीच नंबर लावून गेलो होतो, या काकांना विचारा." काका म्हणाले, "हो, खरं आहे, तो हिरव्या जहाजाच्या मागे होता." थोड्या वेळाने लिस्वानीचा आवाज गेला म्हणून पाहिलं, तर तोही रांगेत. आमच्या बाजूचा!

"तू काय करतोयस रे?" मिग्दालियाने विचारलं.

"माझाही एक पंख मोडलाय, आजी," तो ओशाळून म्हणाला. "आणि रांग तशी भरभर सरकतेय."

मग ते दिसलं. अहो, काय सांगू! जहाजामागे जहाज, दिव्यामागे दिवा, ती रांग निळ्या ग्रहाला वळसा घालून पलीकडे गेली आणि फिरून पुन्हा अलीकडे आली. शनीला कडं असतं ना, तसं त्या ग्रहाला कडं चढलं. पण शनीचं कडं नुसतं धुळीचं आणि दगडांचं. हे माणसांचं होतं. शत्रू आणि मित्र, आळीपाळीने, हळूहळू सरकणारे, आणि मागे तो सोनेरी सूर्य. खोलीत गल्ली गोळा झालेली, पण कुणी शिंकेना. कोपऱ्यावरची पाववाली छातीवर क्रूस करून म्हणाली, "देवाला हे वरून रोज दिसत असेल नाही?" माझ्या हातातली कॉफी गार झाली आणि मी, मी!, ती तशीच प्यायले.

वर कडी तुटली. योआंद्री उन्हाने लाल होऊन, चादर खांद्यावर टाकून, जिन्यावरून गडगडत आला, त्याच्यामागे गुमर्सिंदो. पडदा बघितला आणि दोघेही दारात खिळले. गुमर्सिंदोची हातोडी हातातून सुटून त्याच्याच पायावर पडली, तरी तो हूं की चूं करेना.

"आजी," योआंद्री कुजबुजला. "सगळं रेग्ला एका ओळीत उभं आहे. तोफ लाव! एका फटक्यात..."

मिग्दालियाने वळून त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचे लाल गाल पांढरे पडले. "रांगेतल्या माणसांवर तोफ? तुला वाढवलं कुणी?"

"तूच वाढवलंस."

"मग बस गप्प."

पण गप्प बसवेल कसं? भिंतीवरच्या घड्याळात सहाला थोडीच मिनिटं कमी, आणि रांगेत सर्वात पुढे आता रेग्लाच्या कप्तानाचं, ओस्मानीचं, अवाढव्य जहाज. मघापासून त्याचा आवाज गप्प झालेला. तो दुरुस्त झाला की सूर्य राखणारा आमचा बिनतोफांचा तळ एका घासात गिळणार, मग सूर्य गेला, अँटेना गेली, आणि रोजचं तीन वाजताचं भांडण कायमचं गेलं. मिग्दालियाने एकदा गच्चीच्या दिशेने वर बघितलं. मग ओठ घट्ट मिटले आणि गोदीसमोरचं बटण दाबलं. अवाढव्य जहाजाच्या अगदी नाकासमोर दार बंद झालं. तिने मला सांगितलं, "लिही गं, तुझं अक्षर बरं आहे." मी एका बोटाने एकेक अक्षर शोधून आमच्या दुकानांवर लागते तीच पाटी लिहिली: मालाची मोजदाद चालू आहे. नंतर या.

आता गोळ्या सुटणार म्हणून योआंद्रीने डोळे मिटले.

एकही गोळी सुटली नाही. रांगेतून फक्त एक लांबलचक, ओळखीचा, साऱ्या हबानाचा सुस्कारा आला. "आता मोजदाद!" कुणीतरी म्हणालं. "नेहमीचंच आहे हे." आणि कुणी जागेवरून हललं नाही, कारण हललं तर नंबर जातो. अवाढव्य जहाजसुद्धा नाक दाराला लावून उभं राहिलं, मुकाट.

सहा वाजले. सूर्य आमचा झाला. गल्लीत पातेली वाजली, योआंद्रीने आजीला उचलून खुर्चीसकट फिरवलं, आणि तिने त्याला चादर नीट वाळत घालायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता नेरेइदा अँटेनावर आली तेव्हा कळलं. ओस्मानी तिच्याच इमारतीतला. रांगेत कंटाळून तो कोपऱ्यावर कॉफी प्यायला गेला होता आणि जाताना तिला म्हणाला होता, "मावशी, तेवढा नंबर सांभाळा. काही गडबड वाटली तर हे लाल बटण दाबा, सगळ्या तोफा सुटतील." म्हणजे शेवटपर्यंत त्या जहाजावर नेरेइदा बसलेली. लाल बटण तिच्या करंगळीपाशी. आणि ती हळवी होऊन म्हणाली, "ताई, केवळ तुझ्यासाठी मी ते बटण दाबलं नाही."

बरं बरं, शपथ घेतलीय तर सांगून टाकते. हे शेवटचं एक वाक्य माझ्या पदरचं. बाकी सगळं खरं, ते कडंसुद्धा. नेरेइदा आयुष्यात कधी हळवी झालेली नाही. ती खरं तर म्हणाली, "मोजदाद करायची तर पाटी सकाळी लावायची असते, बाई! माझा नंबर आला होता. गोदी उघड आधी, मग पातेल्याचं बोलू."

आणि मिग्दालियाने उघडली.