श्वास रोखून घेतलेलं माप

सगळं सुरू झालं ते हातमोज्यांच्या एका जोडीवरून.

ऑफिसातून घरी येताना सावकाशरावांची बस चुकली, पाय मोकळे करावेत म्हणून ते चालत निघाले आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेमागे त्यांना ते लाल हातमोजे दिसले. मऊ कातड्याचे, पेरांपेरांवर बारीक टाके घातलेले. सहज घालून बघितले तर असे बसले की काढवेनात. (निघत होते, यांना काढवत नव्हते.) हातमोजे घरी आले. आता असे हातमोजे म्हटले की हातात स्टिअरिंग हवं, स्टिअरिंग म्हटलं की त्यामागे गाडी हवी, आणि मेहुण्याच्या अंगणात चाकं काढून ठेवलेली एक जुनी छोटी मोटार होतीच. मेहुण्याने ती इतक्या आनंदाने देऊन टाकली की दुसऱ्या कुणाला शंका आली असती. सावकाशरावांना आली नाही.

सावकाशराव हे नाव ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलेलं. विमा कचेरीत ते अर्जांवर शिक्के मारायचे आणि शिक्का उचलणं नि टेकवणं यांच्या मध्ये कुठेतरी लांब निघून जायचे. पूर्वी रमतगमत जायचे, आता सुसाट जायला लागले. शिक्का हवेत, डोळे खिडकीबाहेर, कानात इंजिनाची घरघर. समोरची रांग खोकायची, मग ते दचकून परत यायचे आणि शिक्का भलत्याच कागदावर बसायचा.

गाव संपतं तिथे विमानांची एक जुनी धावपट्टी वापराविना पडली होती. तिथे हौशी लोकांचा एक क्लब स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या शर्यती भरवत असे. सावकाशरावांना जिंकायचं वगैरे नव्हतं. एक फेरी मारायची होती. आयुष्यात एकदा आपणही वेगाने कुठूनतरी निघालो आणि वेगाने कुठेतरी पोचलो, एवढंच त्यांना अनुभवायचं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

बायको शिवणकाम करायची. अख्ख्या गल्लीचे कपडे तिच्या मशीनखालून जात. तयार कपडे ती स्वतःच व्हॅनने पोचवायची आणि गर्दीच्या बोळांतून ती व्हॅन अशी काढायची की शेजारी बसलेले सावकाशराव वरची कडी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घेत.

"गाडी बांधा, खुशाल बांधा," सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली होती. "पण आत बसलेला माणूस मला जसाच्या तसा परत हवा. सुरक्षेच्या सामानात हात आखडलात, तर त्या गाडीत मी कोंबड्या पाळीन."

"छे गं! सुरक्षा म्हणजे पहिली गोष्ट," सावकाशराव म्हणाले.

"आत शिरलास तर बाहेर कसा येणार, तेवढं बघ," कोपऱ्यात लोकरीचं विणकाम करत बसलेली आई म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खरं तर तेव्हाच द्यायला हवं होतं.

वेल्डरने गाडीच्या आत जाड नळ्यांचा पिंजरा बसवून दिला, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस चेपायला नको. मेकॅनिकने इंजिन जिवंत केलं. सुट्टीच्या दुपारी घरामागच्या गॅरेजच्या पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आत उतरायच्या, त्यांत धूळ तरंगत राहायची आणि सावकाशराव गाडीत उलट्या बादलीवर बसून, लाल हातमोजे घालून, स्टिअरिंगवर हात ठेवून लांबवर बघत राहायचे. समोर खरं म्हणजे माळ्यावर जायची शिडी होती. पण त्यांना दिसायची ती सरळ पट्टी, तिच्या टोकाला पांढरं आभाळ, आणि गाडीतला माणूस. सडपातळ, खांदे रुंद, पोट सपाट. तो माणूस आपणच आहोत, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता.

आता बादलीवर बसून शर्यत होत नाही. सीट हवी, पट्टे हवेत, हेल्मेट हवं, आगीत न जळणारा सूट हवा. आणि सीट नि सूट घ्यायचे म्हणजे माप हवं.

घरात माप घेणारं माणूस होतं. पण बायकोची एक पद्धत होती. गिऱ्हाईक कुणीही असो, टेप गुंडाळला की ती म्हणायची, "श्वास सोडा. पूर्ण सोडा. हे घालून जेवायचंय ना तुम्हाला?" मग भलेभले लोक हळूच श्वास सोडत, आणि जे काय असेल ते सत्य टेपवर येऊन बसे.

सावकाशरावांना ते सत्य नको होतं. ती बाहेर गेल्यावर त्यांनी तिचा टेप घेतला, आरशासमोर उभे राहिले, गाडीतल्या त्या माणसाला डोळ्यांसमोर आणलं आणि श्वास असा आत ओढला की शर्टाची बटणंसुद्धा चकित झाली. माप फारच सुंदर आलं. त्यातून त्यांनी आणखी दोन बोटं वजा केली, कारण शर्यतीपर्यंत आपण बारीक होणारच.

सामानाच्या दुकानात मालकाने माप ऐकलं, मग गिऱ्हाइकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाडी चालवणार कोण?"

"मी."

"आणि माप कुणाचं?"

"माझंच. म्हणजे, शर्यतीच्या दिवशीचं."

"असं होय. एकदा सीटमध्ये बसून बघता का? ती मांडलीय तिथे."

सावकाशरावांनी सीटकडे पाहिलं. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. "काही गरज नाही," ते म्हणाले.

"अहो, एक नंबर मोठी तरी घ्या."

"सैल सीट म्हणजे धोका!" सावकाशराव एकदम कडाडले. "वळणावर माणूस आत लोळतो. सुरक्षेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. घट्ट म्हणजे घट्ट!"

मालकाने मान हलवली. इतकं निष्ठावान गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं.

सीट बसली, पट्टे बसले, पायाशी आग विझवायचं नळकांडं बसलं. सूट गॅरेजमध्ये खिळ्याला टांगला. निळा, कॉलरला पांढरी पट्टी. सावकाशराव रोज त्याच्यासमोर उभे राहून मोठ्या प्रेमाने बघायचे. घालायचे मात्र नाहीत. बारीक होणं चालूच होतं (सकाळी चालू असायचं, संध्याकाळी घरी आलं की बंद पडायचं).

शेवटी शर्यतीचा आठवडा उजाडला. क्लबचे तपासनीस घरोघरी जाऊन गाड्या बघणार होते. त्यांचा मुख्य नियम साधा होता: चालकाने पट्टे बांधून बसायचं, आणि 'बाहेर' म्हटलं की कुणाचाही हात न लागता स्वतः चटकन बाहेर यायचं. नाही आलं तर शर्यत नाही.

त्या दुपारी बायको कपडे पोचवायला गेली होती. तपासनीस यायच्या आत एकदा सराव करावा म्हणून सावकाशरावांनी सूट खाली उतरवला. पाय गेले. हात गेले. मग श्वास आत ओढून, चेनला दोरी ओवून ती दाराच्या कडीला बांधून, स्वतः खाली बसत बसत त्यांनी चेन वर चढवली. चढली! त्याच श्वासावर ते गाडीत शिरले. सीटने त्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट कवेत घेतलं. पट्टे खट्कन लागले. हेल्मेट आत चढलं आणि बाहेरचं जग दूर गेलं.

आणि काय सांगावं, त्यांना सगळं दिसायला लागलं! शिडी विरघळली. पट्टी लांबत गेली, उन्हाचे पट्टे दोन्ही अंगांनी सरसर मागे पळू लागले. कुठे वजन नाही, कुठे शिक्का नाही, रांग नाही. आपण इतके हलके कधी झालो, त्यांना कळेना. (हवेशिवाय बसलं की असं होतं, हे त्यांना नंतर कळलं.)

"नमस्कार," खिडकीत एक दाढी उगवली. तपासनीस. "वा, तयारच आहात! बाहेर या बघू."

"आलोच," सावकाशराव म्हणाले.

पट्टे सुटले. सावकाशराव सुटले नाहीत.

"बाहेर म्हटलं मी."

"हो हो. निघालोच."

तपासनिसांनी घड्याळ पाहिलं. मग सावकाशरावांकडे पाहिलं. मग पुन्हा घड्याळ पाहायचं त्यांनी सोडून दिलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," दारातून आई म्हणाली. लोकरीचा गुंडा तिच्या काखेत होता.

"आई, जरा ओढ ना!"

"हात लावायचा नाही!" तपासनीस ओरडले. "नियम आहे."

तेवढ्यात व्हॅन कचकन येऊन थांबली. बायको आत आली. तिने लाल झालेला नवरा पाहिला, ताणलेली चेन पाहिली, आणि तिच्या तोंडून सवयीने शब्द गेले, "श्वास सोडा. पूर्ण सोडा."

सावकाशरावांनी सोडला. चेन गळ्यापासून पोटापर्यंत कडाकड उसवत गेली आणि तिचा दांडा उडून तपासनिसांच्या दाढीत जाऊन बसला.

पुढचं सांगण्यासारखं नाही. शिवणाच्या मशीनचं तेल लागलं, आईने हेल्मेट धरलं, बायकोने काखा धरल्या आणि नियम सांगणाऱ्या तपासनिसांनाच शेवटी पाय धरावे लागले. सावकाशराव जमिनीवर बसले, अर्धे निळे, अर्धे बनियनमध्ये. त्यांना फार वाईट वाटलं. ती एक फेरी डोळ्यांदेखत निघून गेली होती.

"बाकी गाडी झकास आहे हो," तपासनीस दाढीतून दांडा काढत हळहळले. "पण या सीटमध्ये मावेल असा चालक आणा."

बायको मात्र सीटकडे बघत होती. मग तिने सूटची कंबर दोन बोटांत धरली, खांदा पाहिला, बाहीची लांबी पाहिली. तिला टेप लागला नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे माप तर माझं आहे."

तिने पदर खोचला, पिंजऱ्यातून आत शिरली, पट्टे लावले.

"बाहेर," तपासनीस म्हणाले, आणि त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत ती बाहेर उभी होती.

"पास!"

तिचे डोळे भरून आले होते. "सगळ्या जगाला मी मापाचं शिवून देते. माझ्या मापाचं असं कधी कुणी आणलं नव्हतं. आणि तुम्ही एवढं सगळं माझ्यासाठी करत होतात? एका शब्दाने बोलला नाहीत! आणि आज बसलात कशाला आत?"

सावकाशरावांनी आईकडे पाहिलं. आईने टाके मोजायला सुरुवात केली.

"म्हटलं... नीट घट्ट आहे की नाही बघावं," सावकाशराव म्हणाले. "तुझ्या सुरक्षेसाठी."

चेन तिने संध्याकाळीच नवी बसवली.

शर्यतीच्या सकाळी धावपट्टीच्या टोकाला खरंच पांढरं आभाळ होतं. हातमोजे तिला ढगळ झाले, म्हणून तपासनिसांनी तिला लहान जोडी दिली आणि लाल हातमोजे सावकाशरावांकडेच राहिले. त्यांना आग विझवायचं नळकांडं धरून कडेला, दोरीच्या आत उभं करण्यात आलं. वर घालायला क्लबने एक पिवळं जाकीट दिलं, ते सगळ्यांना होईल असंच शिवलेलं होतं. सुरक्षेच्या साऱ्या सामानात त्यांना श्वास न रोखता बसलेलं ते एकच.

गाड्या सुटल्या. कॉलरची पांढरी पट्टी वळणावर दिसली, तिरकी झाली आणि सुसाट त्यांच्याच दिशेने येऊ लागली. सावकाशरावांना वाटलं, आपणच येतोय. आतला तो माणूस इतका हलका, इतका सहज! डोळे मिटून, लाल हात नळकांड्याभोवती घट्ट आवळून, ते तिच्याबरोबर ती फेरी मारू लागले. वारा खराच होता.

तेवढ्यात भोंग्यातून तपासनिसांचा आवाज साऱ्या मैदानावर घुमला.

"पिवळ्या जाकिटातले गृहस्थ! दोरीच्या आत! पाय आतच आहेत तुमचे, पोट आत घ्या. गाड्यांना जागा हवीय!"

सावकाशरावांनी श्वास रोखला. तेवढा सराव झाला होता.