भाग्यवंती मॅडमचा निळा खरवस

आमच्या कारखान्यात दुपारी डबा उघडला की आधी भाग्यवंती मॅडमची सुई त्यात शिरायची, मग आपला घास. इडली, ढोकळा, पनीर, कशाचीच सुटका नव्हती. 'एक मिनिट हां पाटील, तुझी इडली दे,' म्हणेपर्यंत इडलीचं पोट खायच्या रंगानं निळं झालेलं असायचं. मी निवृत्त होऊन बदलापुरात आलो, तरी इडली समोर आली की हात आपोआप आडवा जातो.

अंबरनाथला आम्ही इंजेक्शनच्या सुया बनवायचो. मी पॅकिंगला, मॅडम डिझाइनला. उल्हासनगरच्या सिंधी घरातल्या. मराठी बोलायच्या तीही हिंदीची फोडणी देऊन. लग्नाचं विचारलं की म्हणायच्या, 'सुईला टाइम देऊ की सासूला?'

त्यांचं भांडण साध्या सुईशी. तिला भोक फक्त टोकाला. औषध तिथूनच जोरात सुटतं, आतलं मांस दुखावतं, गाठ येते. मॅडमना बाजूनं बारीक भोकं असलेली सुई हवी होती, म्हणजे औषध चहूकडे हळूहळू झिरपेल. 'धक्का नको रे, पाझर पाहिजे!' आम्ही हे इतकं ऐकलं होतं की चहावाला कप भरायला लागला तरी कुणीतरी ते म्हणायचंच.

पण भोकं पाडली की सुई वाकायची. साहेब वैतागले. 'मॅडम, सुई म्हटली की टोचणारच. पुरे आता.'

तेवढ्यात साहेबांच्या नातीचं बारसं आलं. परातभर खरवस मांडलेला. मॅडमनी पर्समधून दोन सिरिंज काढल्या आणि साहेब धावत येईपर्यंत खुपसल्यासुद्धा! मग शांतपणे सुरीनं दोन वड्या कापल्या. 'ही जुनी सुई. बघा, केवढी चीर. आणि ही माझी.' दुसऱ्या वडीत निळा रंग ढगासारखा पसरला होता. चीर नाही, आणि भोकं आणखी बारीक केलेली सुईही सरळ. साहेब बघतच राहिले. त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. 'अहो, यांना काय हवं ते करू द्या, पण उरलेली परात वाचवा!'

तपासण्या, परवानग्या होऊन सुई दवाखान्यात पोचायला बराच काळ गेला. पहिली सुई एका लहान मुलीला लावली. रक्ताचा आजार, पोटाच्या कातडीखाली तासन्‌तास औषध सोडावं लागायचं. मॅडमनी मला सोबत नेलं होतं. बऱ्याच वेळानं नर्सनं पोट चाचपलं. 'गाठ नाही आली.'

मॅडम गुपचूप बाहेर येऊन बाकावर बसल्या. मी म्हटलं, "अहो, जमलं की! पेढे कुठायत?"

"माझ्या छोट्या भावाला हाच आजार होता, पाटील. आईला बघवायचं नाही, म्हणून रोज मीच टोचायचे. पोटभर गाठी. तरी हसायचा. म्हणायचा, दीदी, आज कुठं जागा शोधलीस? मिसरूड फुटायच्या आत गेला."

इतकी वर्षं एका टेबलावर जेवलो, पण हे मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मुलीची आई दारात आली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मॅडमनी डोळे पुसले. "तू खाऊन ये. मी बसते."

त्या खाटेशी जाऊन बसल्या. मुलीनं निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

पांढऱ्या केसांच्या मॅडम म्हणाल्या, "दीदी."